बिनआकडी नाव

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत संगणकाच्या खोलीत एकाच सासऱ्यांचे दोन जावई बसत. थोरल्यांकडे सर्व्हरची देखभाल होती. अहवाल रुग्णांच्या हाती देणारा प्रोग्रॅम त्यांनीच रचला होता आणि त्यातील एकेका स्वल्पविरामासाठी ते कोणाशीही वाद घालू शकत. धाकटे, म्हणजे त्यांचे साडू, नुकतेच रुजू झाले होते. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमला पायथन या संगणकभाषेची नवी आवृत्ती हवी होती. थोरल्यांचा प्रोग्रॅम जुनीवर चाले. दोन्ही आवृत्त्या एका सर्व्हरवर सुखाने नांदू शकत होत्या. नवीला हाक मारताना नावापुढे तिचा आकडा लावला की झाले. प्रश्न उरला तो नुसत्या नावाचा. कोणी केवळ 'पायथन' म्हटले, तर 'ओ' कोणी द्यायची?

"साडूभाऊ, नुसतं नाव नवीला देऊन टाका की," धाकटे म्हणाले. "सारखा आकडा टाइप करायचा कंटाळा येतो."

"म्हणजे धाकट्या सुनेनं उंबरठा ओलांडला आणि थेट थोरलीच्या कपाटाची किल्ली मागितली!"

"थोरलीचे गुडघे दुखतात हो आता," धाकटे हसले. "बरं, राहू द्या. तुम्ही म्हणाल तसं."

एवढ्यात प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर दारात आल्या. "काय हो, तुमचं नवीन कधी सुरू होतंय? सगळे वाट बघतायत," असे त्यांनी धाकट्यांना विचारले. मग थोरल्यांकडे वळून म्हणाल्या, "तुमचं काय, चालूच असतं."

त्या 'चालूच'मधला 'च' थोरल्यांना बोचला. सासऱ्यांचा फोन बिघडला की तो एरवी त्यांच्याकडे येत असे; गेल्या रविवारी तो, त्यांच्या डोळ्यांदेखत, धाकट्यांच्या हाती गेला होता. तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र वाचण्याचे नाटक केले होते. आता तसे करायला समोर वर्तमानपत्रही नव्हते.

धाकटे घरी गेल्यावर त्यांनी नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसवली, तपासली आणि शेवटी नुसते नाव तिच्याकडे वळवले. त्यांचा स्वतःचा प्रोग्रॅम त्याच बिनआकडी नावाने हाक मारी. नवी आवृत्ती ती हाक ऐकेल, परंतु प्रोग्रॅमला लागणारे जुनीचे साहित्य तिच्यापाशी नसल्याने अहवाल अडतील, हे ते पक्के जाणून होते. नवी आली आणि चालते काम बंद पडले, असे कोणीतरी म्हणावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

सकाळी अहवालांच्या खिडकीपाशी रांग तुंबली. "अहो, एकही अहवाल निघत नाहीये!" खिडकीवरच्या बाई ओरडल्या. डॉक्टर धावत आल्या.

"नव्या आवृत्तीचा परिणाम दिसतो," थोरल्यांनी घोटून ठेवलेले वाक्य उच्चारले.

धाकट्यांनी पडद्याकडे एकदा पाहिले. "मॅडम, चूक माझी. नुसतं नाव नवीला द्या म्हणून मीच मागे लागलो होतो. हे नकोच म्हणत होते."

थोरल्यांनी नाव पुन्हा जुनीकडे वळवले. त्याला एक ओळ पुरली. अहवाल निघू लागले, आणि डॉक्टर, ज्यांनी आजवर थोरल्यांच्या बिनचूकपणाविषयी चकार शब्द काढला नव्हता, खिडकीवरच्या बाईंना म्हणाल्या, "चूक अशी सरळ पदरात घेणारा माणूस मिळतो कुठे?"

दुपारी डबा उघडताना थोरल्यांना राहवेना. "काल तुम्ही तर 'राहू द्या' म्हणाला होतात."

"हो ना! तरी तुम्ही माझ्यासाठी केलंत," धाकटे पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवत म्हणाले. "घरी सकाळीच फोन करून सांगितलं मी, थोरल्यांनी बघ माझा हट्ट पुरवला. आणि बघा, तुम्हालाच ताप झाला."

थोरल्यांनी त्यांचा चेहरा बारकाईने न्याहाळला. त्यात टोमणा नव्हता, उपकाराची जाणीव करून देणेही नव्हते. या माणसाने निदान संशय तरी घ्यायला हवा होता, असे त्यांना वाटले. तेवढी तरी बरोबरी झाली असती.