डचेसच्या तोफेतून रॉय

रॉय पिकर्सगिल गेल्याचं कळलं तेव्हा क्लाइव्ह ऑग्डेनला आधी जरा बरं वाटलं. मग वाईट वाटलं. आणि मग, आपल्याला आधी बरं वाटलं होतं याचं त्याहून जास्त वाईट वाटलं. दोघं हार्कलीच्या मॉडेल बोट क्लबात अगदी तरुणपणापासूनचे. उद्यानातल्या तळ्याकाठी दर रविवारी शेजारी शेजारी उभं राहून त्यांनी जन्मभर एकमेकांच्या बोटींना नावं ठेवली होती. त्यातच एका रविवारी रॉयच्या 'डचेस'ने क्लाइव्हच्या मासेमारी बोटीला कुशीत धडक देऊन तिला तळाशी पोचवलं होतं. ती बोट क्लाइव्हने कित्येक हिवाळे खपून बांधली होती, आणि पाण्यात ती जेमतेम अर्धा तास जगली. रॉयने गळाने तिचे तुकडे काढून दिले आणि म्हणाला, "मध्ये तूच आलास." माफी म्हणून काही मागितली नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

खरं तर दोष डचेसच्या रिमोटचा होता. त्या काळी रिमोटला एकच बटण असायचं. एकदा दाबलं की बोट डावीकडे, पुन्हा दाबलं की उजवीकडे; आणि सुकाणू वळायचं ते पीळ दिलेल्या रबरबँडच्या जोरावर. पीळ संपला की डचेस आपल्या मर्जीची मालकीण. रॉयला मात्र हे कबूल नव्हतं. बोट कुठेही गेली तरी आपल्याला तिकडेच न्यायची होती, असा चेहरा करून तो उभा राहायचा.

अंत्यविधी उरकल्यावर काही दिवसांनी रॉयची बायको बेरिल क्लाइव्हच्या दारात आली. बाजाराच्या चाकांच्या पिशवीत तिने आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून डचेस आणली होती. बोटीचा लाल रंग पापुद्र्यासारखा सुटला होता आणि पुढच्या डेकवरची पाण्याची तोफ वाकडी झाली होती. डचेस अग्निशामक बोट होती, म्हणजे तळ्यातला बंबच. तोफेतून फवारा उडवणं हा तिचा एकुलता एक गुण.

बेरिलने चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि मग विषय काढला. हॉस्पिटलात असताना रॉयने तिला सांगितलं होतं की माझी राख तळ्यात जाऊ दे, पण कलशातून ओतून नको, डचेसच्या तोफेतून. आणि बोट क्लाइव्हने चालवायची.

"मीच का?" क्लाइव्हने विचारलं.

"दुसऱ्या कुणाला दिली तर तो माझी टिंगल करील, म्हणाला. क्लाइव्ह ती करून करून दमलाय."

क्लाइव्हला हा मान म्हणावा की अपमान ते कळेना. त्याने आणखी एक बिस्किट घेतलं आणि हो म्हटलं.

परवानगीसाठी बेरिल क्लबाच्या अध्यक्षाकडे गेली. डेस्मंड थॅकरे पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचा आणि अजूनही समोरच्या माणसाकडे, याने गृहपाठ केलेला नाही, अशाच नजरेने बघायचा. त्याने मनापासून दुःख व्यक्त केलं आणि मग नियम सांगितला. तळं नगरपालिकेचं, त्यात कोणताही पदार्थ टाकायला मनाई. बदकांना पाव टाकायचीसुद्धा बंदी. रॉय हा पदार्थ आहे का, असं बेरिलने विचारलं. डेस्मंडने प्रामाणिकपणे विचार केला आणि आता आहे, असं सांगितलं.

बेरिलने ते उत्तर क्लाइव्हला येऊन सांगितलं, तेव्हा रागाने तिचे कान लाल झाले होते. "उन्हाळ्यात क्लबाचा मेळावा आहे ना," ती म्हणाली. "त्यात बंबाच्या बोटी फवारे उडवतातच. आपण विचारायचंच नाही."

क्लाइव्हने डचेस उघडली तर आत उंदरांनी बिऱ्हाड थाटून मोडलंही होतं. वरचं बाल्साचं हलकं लाकूड हाताला लागताच भुगा होत होतं. बॅटरीतलं ॲसिड गळून तळाला काळे डाग पडले होते, बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा नळीत गंजून गच्च बसला होता. तेल सोडून, केस वाळवायच्या यंत्राने गरम करून, आठवडाभर मनधरणी केल्यावर तो सुटला. रंग खरवडायला घेतला तर लालखाली हिरवा निघाला आणि हिरव्याखाली पिवळा. पिवळा बघताच बेरिलने तो ओळखला. लग्नानंतरच्या पहिल्या घरातल्या स्वयंपाकघराच्या दाराचा रंग. दार अर्धंच रंगवून झालं होतं आणि उरलेला डबा सांडला असं रॉयने तेव्हा सांगितलं होतं.

रॉयचं काम म्हणजे एकूण आनंदच होता. जिथे स्क्रू हवा तिथे गोंद, जिथे गोंद हवा तिथे खिळा, आणि जिथे काहीच नको तिथे दोन्ही. क्लाइव्ह रोज सकाळी शेडमध्ये जायचा, बोट उलटीपालटी करायचा आणि रॉयला तोंडभरून शिव्या द्यायचा. बऱ्याच दिवसांत त्याला इतकं ताजंतवानं वाटलं नव्हतं.

मग एकदा डचेसच्या नाकाडाच्या आतल्या बाजूला त्याला एक ठिगळ दिसलं. धडकेत डचेसचंही नाक फुटलं असणार आणि रॉयने आतून फळी ठोकून ते सांधलं होतं. फळीवर बारीक रेघा कोरलेल्या होत्या. एकेक लाकडी पट्टी वेगळी दिसावी म्हणून डेकवर अशा रेघा कोरायची हौस सगळ्या क्लबात एकट्या क्लाइव्हला होती. म्हणजे ती फळी त्याच्या बुडालेल्या बोटीच्या डेकची होती.

"चोर," क्लाइव्ह म्हणाला. शेडमध्ये ऐकायला कुणी नव्हतं. माफी मागायची ती नाहीच, वर लाकूडही ढापलं. ते ठिगळ काढून नवी फळी बसवावी म्हणून त्याने पटाशी हातात घेतली. बराच वेळ तो ती तशीच धरून बसला. मग त्याने ठिगळाला दोन हात वॉर्निश दिलं आणि पुढच्या कामाला लागला.

जुनं रेडिओयंत्र त्याने काढून बेरिलला दिलं. तिने ते खिडकीत कुंडीशेजारी ठेवलं. बोटीत नवा रिसीव्हर बसला, दोन दांड्यांचा नवा रिमोट आला, जड बॅटरीच्या जागी हलकी लिथियमची आली, आणि जुन्या कुंथणाऱ्या मोटरऐवजी क्लाइव्हने आजकालची ब्रश नसलेली, कितीतरी जोरकस मोटर लावली. इथे त्याचा अंदाज जरा चुकला. पहिली चाचणी न्हाणीघरातल्या टबात घेतली तेव्हा डचेस टबाच्या कडेवरून उडाली, साबणाची बशी फोडली आणि दाराला आपटून तशीच गुरगुरत राहिली. बेरिल दारातच उभी होती. तिने बोट उचलली आणि रॉय म्हणाला असता की अजून थोडा वेग हवा, एवढंच बोलली. क्लाइव्हने रिमोटमध्ये वेगाला वेसण घातली.

खरा त्रास तोफेने दिला. गाडीच्या काचेवर पाणी मारणारा छोटा पंप त्याने तिला जोडला होता. स्वच्छ पाणी झकास उडत होतं, पण रॉय म्हणजे स्वच्छ पाणी नव्हे. रंगीत तालमीसाठी त्यांनी डब्यातली ग्रेव्हीची पूड पाण्यात कालवली. फवारा थेट शेजाऱ्याच्या कुंपणावर गेला आणि शेजाऱ्याचा कुत्रा संध्याकाळपर्यंत ते कुंपण चाटत बसला. पूड निघाली, पण राख निघेना. राखेत वाळूसारखी कच होती. बेरिलने मग बाह्या सरसावल्या, पिठाची चाळणी आणली आणि नवऱ्याला चाळायला बसली. चाळणीवर उरलं ते तिने खलात घातलं.

क्लाइव्हला हे बघवेना. तो खिडकीबाहेर बघत राहिला. तुला कसंतरी होत नाही का, असं त्याने दबकत विचारलं.

"एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच याच्यात एकही गाठ उरणार नाही," बेरिल म्हणाली आणि जोरजोरात खलायला लागली. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. क्लाइव्हने तिच्यासमोर चहा ठेवला आणि उरलेलं स्वतः कुटून दिलं.

मेळाव्याला चक्क ऊन पडलं. बँड वाजत होता, आइसक्रीमच्या गाडीपुढे रांग होती. नव्या लाल रंगातली डचेस पाण्यात उतरली तेव्हा जुन्या मंडळींनी माना डोलावल्या. तिच्या पोटातल्या टाकीत रॉय होता, दुधट करड्या पाण्याच्या रूपात; टाकी संपली की पंप तळ्याचंच पाणी ओढणार होता. ठरलं होतं असं की तळ्यातल्या तराफ्यावर कुणीतरी धूर करायचा, आणि डचेसने जाऊन तो विझवायचा. क्लाइव्ह तराफ्यापलीकडच्या मोकळ्या पाण्यात फवारा सोडणार होता.

पण तराफ्यावरचं गवत ओलं निघालं. धूर होईना. लोक चुळबुळायला लागले तशी डेस्मंडला क्लबाची इभ्रत आठवली. त्याने आपली वाफेवरची बोट मध्ये घातली. 'लेडी ॲगथा' पांढरीशुभ्र होती, तिचं पितळी धुरांडं तो दर शनिवारी पुसायचा, आणि तिच्यावर कुणी नुसतं बोट ठेवलेलं त्याला खपत नसे. तिची वाफ म्हणजेच धूर समजा आणि फवारा जरा लांबूनच मारा, असं त्याने भोंग्यावरून जाहीर केलं.

क्लाइव्हने डचेस जवळ नेली, तोंड मोकळ्या पाण्याकडे वळवलं आणि पंप सुरू केला. तोफेतून थोडी करडी धार आली, पाण्यात पडली आणि थांबली. नळी तुंबली होती. पंप आतल्या आत घुमत होता. क्लाइव्हने बोट हलकेच डावी-उजवी डुलवली, म्हणजे अडकलेलं सुटेल. सुटलं. पण त्या क्षणी डचेसचं तोंड लेडी ॲगथाकडे होतं. रॉय पिकर्सगिल एका दमात बाहेर आला आणि धुरांड्यापासून सुकाणूपर्यंत सगळ्या पांढऱ्या बोटीवर पसरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, आग विझली.

डेस्मंडने बोट काठाला आणली. धुरांड्यावरून एक बोट फिरवलं, त्यावरचा करडा लेप चष्मा वर करून बघितला आणि हे काय आहे, असं क्लाइव्हला विचारलं. क्लाइव्हने बेरिलकडे बघितलं.

"रॉय," बेरिल म्हणाली.

डेस्मंडने ते बोट नाकाजवळ नेलं होतं, तिथेच थांबवलं. आता हा पोलिसांना बोलावतो की आपल्याला क्लबातून काढतो, एवढाच प्रश्न क्लाइव्हच्या मनात होता. डेस्मंडने चष्मा खाली ओढला. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, "सगळा?"

"नाही," बेरिल म्हणाली. "थोडा तळ्यात पडला, थोडा आत आहे अजून."

डेस्मंडने टोपी काढून बाकावर ठेवली. मग बूट काढले, मोजे काढून त्यांची नीट घडी घातली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि लेडी ॲगथाला घेऊन तो पाण्यात उतरला. रुमाल नाही, फडकं नाही. नुसत्या तळव्याने तो बोट धुवायला लागला. ओंजळीने पाणी घ्यायचा, वरून सोडायचा, आणि करडं पाणी त्याच्या पोटऱ्यांभोवती फिरून पसरत जायचं.

"स्वतःची बोट धुवायला बंदी नाही," कुणाकडेही न बघता तो म्हणाला. मग आणखी खाली वाकून त्याने धुरांड्याला काहीतरी सांगितलं. काठावर ते फक्त क्लाइव्हला ऐकू आलं. "माझ्या बोटीवर चिखल उडवल्याशिवाय तुझा एक रविवार गेला नाही रे."

क्लाइव्हला हसू आलं. त्याने खोकून ते लपवलं. बँडवाल्यांनी पुढची धून धरली होती, बदकं करड्या पाण्यात चोच घालून बघत होती आणि त्यांना हाकलावं की नाही हे डेस्मंडला ठरवता येत नव्हतं.

"उरलेला मी सोडते," बेरिल म्हणाली आणि तिने क्लाइव्हच्या हातातून रिमोट घेतला. हा दांडा वेगाचा, हा दिशेचा, हळू ढकल, असं तो सांगायला लागला. पण ते ऐकून घ्यायची तिची तयारी नव्हती. तिने आपली पर्स त्याच्याकडे दिली आणि दांडा सरळ पुढे लोटला. डचेसने नाक वर केलं, मागे पांढरा फेस काढला आणि तळ्याच्या मधोमध जाऊन भिरभिर वर्तुळं घ्यायला लागली. तोफेतून धार उडत होती, कधी उंच, कधी आडवी.

रॉय केव्हाच संपला होता. धार आता नुसत्या तळ्याच्या पाण्याची होती. बेरिलच्या ते लक्षात आलं होतं की नाही कोण जाणे. क्लाइव्ह पर्स दोन्ही हातांनी धरून उभा राहिला आणि त्याने रिमोट परत मागितला नाही.