तीन गोष्टी बदलून

मनुष्यबळ खात्यातल्या माणसांची एक पंचाईत असते. कंपनीतल्या झाडून सगळ्यांच्या कागाळ्या त्यांच्याकडे येतात, त्यांनी मात्र आपली कागाळी कोणाकडे न्यायची याची सोय नसते. म्हणून कोणा शहाण्याने 'मंडळी' नावाचा ऑनलाइन गट काढला आणि बघता बघता त्यात अकरा हजार एचआरवाले जमले. तिथे निनावी लिहायची मुभा होती. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांविषयी तिथे मोकळेपणाने लिहिलं जाई, फक्त एक रीत पाळून. तीन गोष्टी बदलायच्या. पुरुष असेल तर बाई करायची, नोकरीची वर्षं कमीजास्त करायची आणि काम दुसरंच लिहायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण जुने सभासद तो इतका मुरवून बसले होते की समोर आलेली पोस्ट ते आपोआप उलटी करूनच वाचत.

या जुन्या सभासदांत 'स्पष्टवक्ती' या नावाने लिहिणाऱ्या बाईंचा मोठा दबदबा होता. प्रत्यक्षात त्या एका खोक्यांच्या कारखान्यात एचआर मॅनेजर होत्या. कारखान्यात त्यांना सगळे नुसतं 'ताई' म्हणत. ताईंचा स्वभाव चारचौघांत भिडस्त. कोणी रजा मागायला आलं की आधी घरच्यांची चौकशी, मग पाणी, मग रजा. पण गटावर टायपायला बसल्या की बाई तलवार उपसून उभ्या! गेली चार वर्षं लोक त्यांना अवघड प्रश्न विचारत होते आणि त्या फटाफट उत्तरं देत होत्या. कारखान्यात कोणाला याचा पत्ता नव्हता. नव्या संचालकबाईंनाही नव्हता, आणि गंमत म्हणजे या गटात त्यांना महिन्यापूर्वी ताईंनीच आणून सोडलं होतं.

सोमवारी सकाळी एक निनावी पोस्ट आली. 'आमच्या ऑफिसात एक गृहस्थ आहेत. तेवीस वर्षं नोकरी. थोडक्यात सांगायचं तर, नवीन संगणक प्रणाली येतेय आणि त्यांचं काम आता उरणार नाही. सगळ्यांचे वाढदिवस त्यांना तोंडपाठ. थोडक्यात सांगायचं तर, कोणाचंही त्यांच्याशी वाकडं नाही. प्रणाली बसवायला माणूस आला तेव्हा कपाट हलवून जागा त्यांनीच करून दिली. आता त्यांना कसं सांगू?'

ताईंनी चहा निवायच्या आत उत्तर लिहिलं. 'शुक्रवारी सांगा, दिवस संपायच्या अर्धा तास आधी, म्हणजे दोन दिवस सुट्टीचे मिळतात. पहिल्याच वाक्यात बातमी द्या. घरच्यांची विचारपूस करू नका, कारण नंतर तीच फसवणूक वाटते. पाठीवर हात ठेवू नका. आणि दहा मिनिटांत उठा. त्याहून जास्त बसलात तर तुम्ही त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी बसला आहात.'

शेवटच्या वाक्यावर तर त्या स्वतःच खूष झाल्या. दुपारपर्यंत चारशे जणांनी अंगठे वर केले. कोणी लिहिलं, 'फ्रेम करून लावावं असं उत्तर.' ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

बुधवारी ते उत्तर पॉडकास्टवर आलं. गटातलेच दोघे 'दार लोटून घ्या' नावाचा कार्यक्रम करत आणि आठवड्यातली एक पोस्ट, 'तपशील बदललेले आहेत' असं आधी बजावून, त्यात वाचून दाखवत. ताईंनी त्याची लिंक मागे कारखान्याच्या मासिक पत्रात घातली होती. एका माणसाखेरीज ती कोणी उघडली नाही. तो माणूस म्हणजे ताईंच्याच खोलीत समोरच्या टेबलावर बसणारे हजेरीकाका. काका रोजची हजेरी जुळवता जुळवता एका कानात पॉडकास्ट लावून बसत. म्हणत, "रेडिओपेक्षा बरं आहे, ताई. आपल्याच धंद्यातली भांडणं ऐकायला मिळतात."

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताईंनीही तो लावला. निवेदकाचा आवाज चांगला भारदस्त होता. त्याने पोस्ट वाचायला घेतली. 'थोडक्यात सांगायचं तर...' घास तोंडाशी नेता नेता ताई थांबल्या. थोड्या वेळाने पुन्हा, 'थोडक्यात सांगायचं तर...'

डोळ्यांनी वाचताना जे निसटलं होतं ते कानांनी धरलं. हे तर संचालकबाईंचं पालुपद! बाई थोडक्यात सांगायचं म्हणून पाऊण तास बोलत. म्हणजे पोस्ट त्यांची. म्हणजे माणूस याच कारखान्यातला.

ताईंनी मग सवयीने पोस्ट उलटी केली. गृहस्थ म्हणजे बाई. तेवीस वर्षं म्हणजे तेवीस नव्हेत, तेरा असतील. त्यांची स्वतःची तेरा झाली होती. वाढदिवस? वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्यांना त्यांच्याच नावाने जात. आणि प्रणाली! भरतीची पत्रं, रजा, हजेरी, सगळं एका झटक्यात करणार म्हणून संचालकबाई तिचं कौतुक सांगत होत्या. तिच्यासाठी जागा करताना खोलीतली दोन्ही कपाटं हलली होती, एक काकांचं आणि एक त्यांचं. आपल्याला काढायचं कसं, हे आपणच मुद्देसूद लिहून दिलं, तेही चारशे लोकांच्या साक्षीने!

"काय झालं, ताई? ठसका लागला?" काका पाण्याचा पेला घेऊन उठले.

"काही नाही. सूनबाई कशी आहे?" ताईंनी विचारलं. हा त्यांचा रोजचा प्रश्न. काकांच्या सुनेला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं होतं.

"पडून राहून कंटाळलीय. मलाच सगळ्यांचे कपडे वाळत घालायला लावते." काका हसले आणि कानातली वायर काढत म्हणाले, "आजचं ऐकलंत का? ते दहा मिनिटांचं?"

"हं."

"उत्तर चोख आहे, त्यात वाद नाही. पण लिहिणाऱ्याला समोरच्या खुर्चीत बसायची वेळ आलेली नसावी."

ताईंनी मान खाली घालून डबा बंद केला.

तेव्हापासून त्यांचं चित्त कशातच लागेना. संचालकबाईंच्या केबिनचं दार बंद असलं की कान टवकारायचे, उघडं असलं की वाटायचं, मुद्दाम उघडं ठेवलंय. बाई हसल्या तर का हसल्या, नाही हसल्या तर का नाही. एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "मुलीची परीक्षा कशी झाली?" ताईंना केवढा धीर आला! विचारपूस केली म्हणजे अजून तसं काही नाही. दुसऱ्या क्षणी वाटलं, आज गुरुवार आहे, नियम शुक्रवारचा.

घरी नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू सुतावरून स्वर्ग गाठतेस. सरळ जाऊन विचार ना त्यांना."

"काय विचारू? मला काढताय का?"

"मग? गटावर लोकांना तूच सांगतेस ना, मोकळेपणाने बोला म्हणून."

"ते लोकांना रे!" ताई इतक्या जोरात ओरडल्या की आतल्या खोलीतून मुलगी बाहेर येऊन बघून गेली.

स्वयंपाक आटोपून ताईंनी गट उघडला आणि आपल्याच उत्तराखाली आणखी लिहिलं. 'जरा सुधारून सांगते. घाई करू नका. तीन महिने आधी कल्पना द्या. दुसरं काम देता येतं का ते आधी बघा, माणूस काही कपाट नाही. आणि विचारपूस जरूर करा.' खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, 'स्पष्टवक्ती मवाळ झाल्या की काय?' अंगठे वर आले जेमतेम नऊ.

शुक्रवारी सकाळी संगणकावर बोलावणं येऊन पडलं होतं. चार वाजता, संचालकांची केबिन, फक्त दोघी. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी खण आवरला. मुलीचा फोटो पिशवीत ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा ठेवला. दुपारी तीनदा त्या पाणी प्यायला उठल्या आणि तीनदा पेला तसाच ठेवून आल्या. काका समोरून बघत होते.

"ताई, दोन दिवस बघतोय, तुमचं काहीतरी बिनसलंय. घरी जा पाहिजे तर. कोणी विचारलं तर मी सांगतो, डोकं दुखत होतं म्हणून."

"नको काका. चारला मीटिंग आहे."

"मग हे घ्या." त्यांनी खणातून लिमलेटची गोळी काढून पुढे केली. "तोंडाला कोरड पडली की माणूस निम्मी बाजी तिथेच हरतो."

चारला ताई केबिनमध्ये गेल्या. संचालकबाईंनी दार लावलं, खुर्चीत बसल्या आणि टेबलावरून एक छापील कागद पुढे सरकवला. ताईंचंच पहिलं उत्तर, मोठ्या अक्षरात छापलेलं, ओळींखाली पिवळ्या रेघा मारलेलं.

"तुमच्या त्या गटाचा खरंच उपयोग झाला," बाई म्हणाल्या. "थोडक्यात सांगायचं तर, हजेरीकाकांचं काम आता उरत नाही. मी तिथे विचारलं होतं, कसं सांगू म्हणून. ही कोण स्पष्टवक्ती आहे, तिने फार छान लिहून दिलंय. अगदी असंच करा. आजच, साडेचारला."

ताईंच्या जिवात जीव आला. तो इतक्या जोरात आला की त्यांना हसूच फुटणार होतं. मी नाही. मी नाही! मग कागदावरचे शब्द नीट दिसले आणि त्या हलकेपणाची त्यांना किळस आली.

"काका?" त्या म्हणाल्या. "पण पोस्टमध्ये तर गृहस्थ होते. तेवीस वर्षांचे."

"मग? गृहस्थच आहेत ना? आणि तेवीसच झाली की. मी फाइल बघूनच लिहिलं." बाई गोंधळल्या. "काही बदलून लिहायचं असतं का? मला कोणी सांगितलं नाही."

ते सांगायचं काम ताईंचं होतं. गटात आणताना त्यांनी बाईंना लॉगिन कसं करायचं ते सांगितलं, रीत सांगायची राहिली. आणि खरं खरं लिहिलेलं, समोरच्या टेबलावर बसलेलं माणूस त्यांना पाच दिवस दिसलं नाही.

"निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत त्यांच्या," ताई घाईघाईने म्हणाल्या. "भांडारात घेता येईल. निदान तीन महिने तरी आधी... त्या बाईंनी खाली तसं लिहिलंयही. सुधारून."

"वाचलं ते. लोक खाली काय म्हणतायत तेही वाचलं. पहिलं उत्तर विचार करून दिलेलं आहे, दुसरं घाबरून. स्पष्ट दिसतंय." बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "भांडारात जागा नाही, मी विचारलं. पत्र तयार आहे."

ती बाई मीच, असं ताईंना सांगता आलं असतं. मग बाई म्हणाल्या असत्या, "म्हणजे तुम्हाला तर पटलेलंच आहे!" त्या कागद आणि पत्राचं पाकीट घेऊन उठल्या.

साडेचारला त्यांनी काकांना लहान मीटिंगच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. काका खुर्चीत बसले. चष्मा पुसला. ताई समोर बसल्या. दोघांच्या मध्ये टेबल, त्यावर नुसतं ते पाकीट, आणि भिंतीवर घड्याळ. सुनेचं विचारावं म्हणून ताईंनी तोंड उघडलं आणि त्यांना वाटलं, विचारायचं आणि मग हे सांगायचं? तेवढं तरी आपण बरोबरच लिहिलं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य येईना.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या पाकिटाकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"आज सूनबाईचं विचारलं नाहीत, ताई," ते हळूच म्हणाले. "शुक्रवार आहे. साडेचार वाजलेत."

ताईंनी मान हलवली. डोळे भरून आले ते त्यांना लपवता आले नाहीत.

"नोकरी संपली का माझी?"

"हो, काका."

ते बातमीचं वाक्यसुद्धा शेवटी काकांनीच बोलून टाकलं होतं. काकांनी पाकीट उघडलं नाही. ते नुसतं हातात धरून, त्याच्या कडा जुळवत बसले, हजेरीचे कागद जुळवायचे तसे. मधेच म्हणाले, "तरी म्हटलं, मी कपाट हलवून दिलं तेव्हा तो प्रणालीवाला असा हसला का माझ्याकडे बघून." घरी कोणत्या वेळी सांगावं, सुनेच्या कानावर आधी घालू नये, असलं काहीतरी स्वतःशीच पुटपुटले. बाहेर यंत्रं बंद होत गेल्याचे आवाज आले, माणसं एकमेकांना हाका मारत पायऱ्या उतरली.

"काका, ते पॉडकास्टवरचं उत्तर..." ताईंनी सुरुवात केली.

"असू दे," काका म्हणाले. कशाला असू दे ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे ताईंना त्यांच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. काकांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

"दहा मिनिटं होऊन गेली, ताई. तुम्ही आता उठायला हवं."

ताई बसूनच राहिल्या. पाय उचलावेत असं त्यांना कितीदा तरी वाटलं, पण त्या उठल्या नाहीत. शेवटी काकाच उठले, पेल्यात पाणी ओतलं आणि त्यांच्यासमोर आणून ठेवलं.