सहीच्या कोऱ्या चिठ्ठ्या

आर्णीकडच्या तांड्यावरचं आरोग्य उपकेंद्र शीलाच चालवायची. ती मूळची परिचारिका. सरकारनं सहा महिन्यांचा कोर्स करवून तिला ‘समुदाय आरोग्य अधिकारी’ केलं, दारावर पाटी लावली. कसली अधिकारी! साधं इंजेक्शन द्यायचं तरी डॉक्टरांच्या सहीची चिठ्ठी लागे. डॉक्टरसाहेब आठवड्यातून एकदा येत, चहा पिता पिता वीसेक कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या ठोकत आणि निघून जात. वर काय लिहायचं ते शीलानं बघायचं. दोन वर्षं ती मुकाट्यानं बघत आली होती.

फवारणीच्या दिवसांत, भर दुपारी, लखीरामनं बायकोला मोटारसायकलवर आणलं. बिजलीबाईच्या तोंडाला फेस, अंग घामानं निथळत होतं.

“कपाशीचं औषध हातानंच कालवून राह्यली होती, सिस्टर.”

शीलानं फोन लावला. साहेब तालुक्याला बैठकीत होते. विषय, परिचारिकांचे वाढीव अधिकार.

“अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. तुम्ही काही देऊ नका,” म्हणाले आणि फोन कापला.

अ‍ॅम्ब्युलन्सला दीड तास होता. शीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कपाटातून विषावरचं इंजेक्शन काढलं आणि टोचलं. मग साबणानं बिजलीबाईचे हात धुताना दिसलं, कोपरापर्यंतच्या चुड्याखाली औषध साचलेलं. ती चुडा उतरवायला लागली तसा लखीराम आडवा आला.

“चुडा नका काढू! मी जिता हाये ना अजून!”

“तुमी जिते, अन् इथं बाई मरून राह्यली! सरका बाजूले!”

तिनं चुडा कापला. दर दहा मिनिटांनी नाडी पाहून पुन्हा इंजेक्शन दिलं. अ‍ॅम्ब्युलन्स आली तेव्हा बिजलीबाई पाणी मागत होती. तुटका चुडा रुमालात बांधून लखीराम तिच्याशेजारी बसला.

संध्याकाळी साहेब खुशीत आले.

“वाचली म्हणे! चिठ्ठी भरली ना? माझी सही आहेच.”

शीलानं रजिस्टर पुढं सरकवलं. इंजेक्शन देणाऱ्याच्या रकान्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, शीला भीमराज खोब्रागडे.

“आणि बाई मेली असती सर, तर सही तुमचीच राह्यली असती का?”

साहेबांनी उरलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या गोळा करून बॅगेत टाकल्या आणि ते निघून गेले.

शुक्रवारी नोटीस आली, अधिकार नसताना इंजेक्शन दिल्याबद्दल. दोन वर्षांत पहिल्यांदाच साहेबांची सही कोऱ्या नव्हे, लिहिलेल्या कागदावर होती.