पिठाच्या खोलीतला कॅप्टन

बंडवाल्यांनी पकडलेला सरकारी फौजेचा कॅप्टन पिठाच्या खोलीत आणून टाकला, तेव्हा बेकरीवालीने एकच विचारलं, "याच्या बदल्यात दादा सुटेल ना?"

तिचा थोरला भाऊ सरकारी तुरुंगात फाशीची वाट बघत होता. अदलाबदलीची बोलणी चालू होती. तोवर कॅप्टन जगायला हवा होता.

त्याची लक्षणं मात्र ठीक नव्हती. मांडीतून गोळी आरपार गेली होती, पण जखम चिघळली. तापात तो आईला हाका मारायचा. बेकरीवालीला त्याचा राग यायचा. शत्रूने शत्रूसारखं पडून राहावं.

शेवटी ती सरकारी दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टरीण परक्या राज्यकर्त्यांपैकी, पण जन्म याच शहरातला. पाव रोज हिच्याकडून न्यायची.

"घरी एक माणूस आजारी आहे," बेकरीवाली म्हणाली. "तुमच्यातला."

डॉक्टरणीने दार लावून घेतलं. "मी शिपायांना सांगितलं तर?"

"ते दारात यायच्या आत आमची माणसं त्याला मारतील. मग तिकडे माझा भाऊ जाईल."

डॉक्टरणीने बॅग उचलली. तिला पाहून बेकरीत पहाऱ्यावर असलेल्या दोघा बंडवाल्यांनी कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही.

बेकरीवालीने कॅप्टनचे पाय दाबून धरले. डॉक्टरीण जखम कापून धुऊ लागली.

"तुझ्या भावाने रेल्वेचा पूल उडवला," ती मान वर न करता म्हणाली. "गाडीत माझी नर्स होती. तुमच्यातलीच."

"ठाऊक आहे. तिच्या आईला भेटून आले मी."

"आणि तरीही?"

"त्या पुलावरून तुमच्या तोफा जायच्या, बाई. आमची तीन गावं जळली."

"मी कुणाचं गाव जाळलं नाही. माझ्या वडिलांनी इथे दवाखाना बांधला."

"बांधला. आमच्या अंगणात, आम्हाला न विचारता."

"विचारलं असतं तर?"

बेकरीवालीने जरा विचार केला. "दिली असती जागा," ती म्हणाली.

पट्टी बांधून डॉक्टरीण उठली. नंतर पाव न्यायच्या निमित्ताने ती रोज आली. ताप उतरला, तसं पावात मीठ कमी आहे म्हणून कॅप्टनने तोंड वाकडं केलं. "मेल्याला जीव आला," बेकरीवाली पुटपुटली, आणि डॉक्टरीण खुदकन हसली.

नदीकाठी अदलाबदल झाली. दादा परतला तो हाडांचा सापळा होऊन. सगळं ऐकल्यावर आधी बहिणीवरच उखडला.

"शत्रूची बाई घरात घेतलीस? सगळ्यांच्या माना गेल्या असत्या!"

"तुझी राहिली ना जागेवर? मग जेव."

कॅप्टन सरळमार्गी होता. वरिष्ठांनी विचारलं, तसं त्याने सगळं खरं सांगितलं. शिपाई बेकरीवर आले तेव्हा भावंडं डोंगरात निघून गेली होती. डॉक्टरीण मात्र दवाखान्यातच सापडली. शत्रूचा ठिकाणा लपवला म्हणून तिच्याच लोकांनी तिला कामावरून काढून मायदेशी जाणाऱ्या बोटीत बसवलं. तो देश तिने कधी पाहिला नव्हता.

दोन वर्षांनी स्वातंत्र्य आलं. दादा शहराच्या समितीवर गेला. दवाखान्याला डॉक्टर मिळेना. एके दिवशी जेवताना तो चाचरत म्हणाला, "तुझी ती बाई... तिला परत बोलावता येईल का?"

"तिचा पत्ता कुणाकडे आहे?" बेकरीवाली म्हणाली. "आणि या वेळी तरी आधी विचारावं लागेल. तिलाही, आणि पुलावर गेलेल्या त्या नर्सच्या आईलाही."

दुसऱ्या दिवशी दादा नर्सच्या आईच्या घराकडे निघाला, पण कोपऱ्यावरूनच परत फिरला.