जुन्या बोटीला नवं इंजिन

आयुबच्या पत्राला मी चार महिने उत्तर दिलं नव्हतं. वाचनालयाच्या कपाटात, शब्दकोशाखाली ते पडून होतं.

आयुब माझा जुना विद्यार्थी, जहागीरदारांचा धाकटा. जहागिरी गेली तसं ते कुटुंब हैदराबादेला गेलं. गावच्या तलावावर त्यांची मोटारबोट राहिली, आणि ती हाकणारा महेबूब. पूर्वी आयुब पायांना फळ्या बांधून, बोटीमागच्या दोराला धरून पाण्यावरून सुसाट जायचा; सारा गाव बांधावर जमायचा. तो खेळ त्याला आता तिकडे सुरू करायचा होता. ‘जुन्या बोटीला नवं इंजिन बसवावं, की दुसरीच घ्यावी? आपण पाहून कळवावं. बोट मजबूत असेल तर तिच्यासोबत महेबूबलाही नोकरीवर बोलावतो.’

हे मी महेबूबला वाचून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी तो मला तलावावर घेऊन गेला. इतकी वर्षं पगाराशिवाय तो तिला डांबर लावत होता.

“बघा मास्तर, लोखंड हाय लोखंड!” त्यानं कडेवर थाप मारली.

मी वाकून तळाच्या फळीला अंगठा लावला. नख बुडेपर्यंत तो आत गेला. मी हात धोतराला पुसला.

“चांगली हाय न्हवं?”

“पुस्तकात बघतो,” मी म्हणालो.

वाचनालयात बोटींवर पुस्तक नव्हतं. आगगाडीच्या इंजिनावरचं होतं, ते दोनदा वाचलं.

गुरुलिंगच्या हॉटेलात रोज चेष्टा चालायची.

“काय कप्तान, आलं का इंजिन?”

“येतंय की. मास्तर पुस्तकात बघायलेत.”

“तवर बोटीत शेळ्या बांध!”

एके सकाळी गुरुलिंग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “महेबूब, येडशी टेसनावर तुझ्या नावाचं खोकं उतरलंय. हैदराबादचा शिक्का हाय.”

माझ्या उत्तराशिवाय इंजिन येणं शक्य नव्हतं, हे तिथं बसलेल्या बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे माझ्याकडं बघत होते. मी चहावर फुंकर घालत राहिलो.

महेबूबनं बंडप्पाची बैलगाडी मागून आणली. इंजिनाला हादरे बसू नयेत म्हणून कडबा पसरला. त्याच्या बायकोनं, हमिदाबीनं, वर आपली वाकळ अंथरली.

दिवस कलला तशी गाडी रिकामी परतली. हॉटेलातले सगळे रस्त्यावर आले.

“का रं कप्तान, इंजिन वाटंत उडी मारून पळालं का?”

महेबूबही त्यांच्यासोबत हसला. वाकळ झटकली, नीट घडी घातली, आणि तसाच माझ्याकडं आला.

“तुमी लिवलं न्हाय, मास्तर, म्हणून झालं हे. आता लिवा.”

त्याच्यासमोरच मी कार्ड काढलं. ‘बोट तळातून कुजली आहे. इंजिनाचा भार सोसणार नाही. दुसरी घ्यावी.’ खाली महेबूबबद्दल लिहिण्यापुरती दोन ओळींची जागा होती. काय लिहावं सुचेना. मी सही मोठी केली.

“इंजिनाचं लिवलं?”

“लिहिलं.”

“अन् लोखंड हाय म्हणून?”

मी टाक पुसत बसलो.

“द्या हिकडं, मीच टाकतो. तुमच्यानं व्हायचं न्हाय.”

त्याला वाचता येत नव्हतं. त्यानं शाईवर हळूच फुंकर मारली. हॉटेलासमोरून जाताना कार्ड उंच धरून गुरुलिंगला दाखवलं. मग ते टपालपेटीत सोडलं, आणि आत नीट पडावं म्हणून पेटीवर, बोटीवर मारायचा तशी, थाप मारली.