एक वहाण तांबडी

माझ्या सासूने उभ्या आयुष्यात एकच चोरी केली. तेव्हा तिचं वय सत्तरीच्या पुढे होतं, गुडघे दुखरे होते, आणि बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरायला दोन दिवस राहिले होते. चोरली काय, तर एका पाहुण्याची डाव्या पायाची वहाण.

पाहुण्याचं नाव नुमेनियस. येशूची वार्ता सांगत सीरियाकडून गावोगाव चालत आलेला माणूस. गुरुवारी दुपारी तो आमच्या उंबऱ्याशी उभा राहिला तेव्हा अंगात मेंढीच्या कातड्याचा जुना कोट होता आणि पायात खजुराच्या दोऱ्याच्या वहाणा होत्या, वरचे पट्टे विणलेल्या लोकरीचे. टाचेला भेग एवढी, की तिच्यात जवस पेरावं.

"आत या," सासू म्हणाली. "पण दोनच दिवस हं. नियम आहे."

"ठाऊक आहे माई," तो हसला. "तिसऱ्या दिवसाचा सूर्य मला वाटेतच भेटेल."

नियम आमच्या मंडळीत सगळ्यांना तोंडपाठ होता. फिरता उपदेशक आला तर त्याला प्रभूसारखा घरात घ्यावा. एक दिवस राहील, फार तर दोन. जाताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्यावी, बाकी काही नाही. तिसरा दिवस राहिला तर समजावं, माणूस खोटा. आणि माणूस खोटा तर त्याने सांगितलेलंही खोटं.

नियम कडक वाटेल, पण मागच्या साली एकजण अकरा दिवस राहिला होता. सातव्या दिवशी त्याच्या अंगात आत्मा संचारला आणि आत्म्याने भाजलेलं करडू मागितलं. तेव्हापासून मंडळीचे वडील, मेनोफिलस रंगारी, दिवस बोटांवर मोजत.

आमचं घर विणकराचं. नवरा गेल्यावर माग मी चालवत होते, सूत आत्याबाई काढायची. सासूला मी आत्याबाई म्हणते, गाव अम्मियाकाकी म्हणतं. तिच्या हातातली चाती थांबलेली मी कधी पाहिली नाही, आणि तोंडही. चाती फिरली की ओवी यायची. पन्नास वर्षं त्या ओव्या आमच्या जुन्या देवीच्या, डोंगराच्या आईच्या होत्या, जी सिंहावर बसते आणि जिला कधी ठेच लागत नाही. येशूचं ऐकायला लागल्यापासून ओव्या अडखळत होत्या. जुनी अर्ध्यावर सोडायची, नवी पुरी होत नसे.

नुमेनियस आमच्या मागाच्या खोलीतच बोलायचा. आठ-दहा बायका, चार पुरुष, लोकरीच्या गाठोड्यांवर जागा मिळेल तिथे बसलेले. तो मोठ्याने बोलत नसे. म्हणाला, "येशू देवच होता. देवासारखा नव्हे, देवाने धाडलेला जासूदही नव्हे. ज्याने हा डोंगर केला तोच. आणि तो चालून चालून दमला, विहिरीच्या काठाला टेकला आणि एका बाईकडे पाणी मागितलं."

"थांबा थांबा," आत्याबाई म्हणाली. "देव, आणि तहान?"

"हो माई."

"मग देवपण कुठे ठेवून आला? खुंटीला टांगून?"

बायका हसल्या. मेनोफिलस खाकरला. नुमेनियस मात्र आपल्या कोटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुमच्याकडचे मेंढपाळ थंडीत कोट कसा घालतात?"

"लोकर आत करून. हे काय विचारणं झालं?"

"बाहेरून काय दिसतं?"

"नुसतं कातडं. मळकं."

"आणि लोकर?"

"असते की. आत, अंगाला लागून." चाती तिच्या मांडीवर आपोआप आडवी झाली. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

शुक्रवार उपासाचा. आत्याबाईचा तर बाप्तिस्म्याआधीचा उपास, त्यामुळे तिच्या जिभेला दुसरं काम नव्हतं. सकाळपासून ती त्याच्यामागे लागली. येशूची आई कोण, तिला कळा आल्या का, तो रांगला का, दात येताना रडला का. तो सगळ्याला हो म्हणत गेला. संध्याकाळी मंडळी उठताना तिने शेवटचा प्रश्न काढला.

"त्याला धरलं, मारलं, खोटा ठरवलं. बरोबर?"

"बरोबर."

"तेव्हा तरी कोट उलटा करायचा! एक बाही जरी उलटली असती, तर ती लोकर बघून सगळे गुडघ्यांवर आले असते. का नाही केला?"

नुमेनियसने तोंड उघडलं, पण मेनोफिलस उठून उभा राहिला होता. "काकी, दिवस मावळला. त्यांना पहाटे निघायचंय, चढ आहे. झोपू द्या त्यांना."

"माझं उत्तर राहिलं."

"पुढचा उपदेशक सांगेल."

"पुढचा करडू मागेल!"

नुमेनियस हसून म्हणाला, "माई, उत्तर सोपं आहे पण सांगायला लांब आहे." आणि भाकर न खाता तसाच गाठोड्यांमागे आडवा झाला.

शनिवारी पहाटे निघायच्या वेळी वहाण एकच होती. उजवी. उंबऱ्याशी एकटी पडलेली.

आम्ही सगळं घर उलथं केलं. मागाखाली पाहिलं, कोंबड्यांच्या खुराड्यात पाहिलं. "कुत्रं असेल," आत्याबाई म्हणाली. तिने हे इतक्या वेळा सांगितलं की गल्लीतल्या कुत्र्यांची मला कीव आली. नुमेनियस अनवाणीच निघाला होता. दहा पावलांत दगडावर रक्ताचा ठसा उमटला, तशी मीच त्याला परत आणलं. वर खिंडीत अजून बर्फ होतं.

"वहाण मिळाली की निघतो," तो म्हणाला आणि लोकर पिंजायला बसला. फार वाईट पिंजत होता.

दुपारी मी मंजिष्ठेच्या तांबड्या रंगाच्या रांजणाकडे गेले. आदल्या रात्रीपासून त्यात लोकरीच्या लडी भिजत होत्या. आमच्याकडे रंगाला कड्यावरच्या झऱ्याचं ऊन पाणी वापरतात, त्याने तांबडा पक्का बसतो. काठीने लडी उचलली तर जड लागली. आत वहाण! पट्टे डाळिंबासारखे लाल झालेले.

मी ती तशीच गळती घेऊन आत्याबाईसमोर धरली.

"कुत्र्याला रंगकाम येतं वाटतं," मी म्हणाले.

तिने लाल पट्ट्याला बोट लावून पाहिलं. "मी कोरड्या लडीत लपवली होती," ती म्हणाली. "तू मेली, त्याच लडी रांजणात टाकल्यास."

"आत्याबाई!"

"उत्तर राहिलं होतं गं तातिया. माझ्याकडे किती दिवस आहेत? उद्या पाण्यात उतरायचं आणि आत गाठ तशीच ठेवून? मला वाटलं, एक सकाळ जास्त मिळेल. ऐकेन आणि वहाण 'सापडेल'."

"मग ऐकलंत का?"

"तोंड वर करून बघवत नाही त्याच्याकडे, विचारणार काय."

तेवढ्यात मेनोफिलस आला. वहाण मी पदराखाली घेतली. तो वाईट माणूस नव्हता. डोळ्यांखाली काळजी दिसत होती.

"दिवस पुरे झाले," तो नुमेनियसला म्हणाला. "तिसरा चालू आहे."

"हो वडील."

"काही सांगायचंय?"

नुमेनियसची नजर क्षणभर आत्याबाईवर गेली आणि परत लोकरीवर आली. "नाही."

"मग उद्या प्रभूच्या वारी मला मंडळीत सांगावं लागेल. आणि लोकरीचे व्यापारी परवा खाली जातात, त्यांच्याबरोबर पुढच्या गावांना निरोपही. तुम्हाला कुणी दार उघडू नये म्हणून." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकी, पाण्याआधीची शेवटची शिकवण तुम्ही ह्यांच्याकडूनच घेतलीय. ते खोटं ठरलं तर तुमचं पाण्यात उतरणंही पुढे ढकललं जाणार. पुन्हा पहिल्यापासून शिकायचं."

तो गेला. माझ्या पदरातून तांबडे थेंब जमिनीवर पडत होते. मी आत्याबाईकडे पाहिलं.

"सांगितलं तर चोरटी ठरेन," ती पुटपुटली. "चोरटीला कोण पाण्यात घेतं?"

मी वहाण चुलीजवळ वाळत घातली, तिच्या नजरेसमोर राहील अशी.

रविवारी सूर्य उगवायच्या आत मंडळी आमच्याकडे जमली. आम्ही पूर्वेकडे तोंड करून गायलो, येशूला देव म्हणून हाक मारली. मग प्रभूच्या नावाने भाकर मोडायची वेळ आली. भाकरीआधी ज्याचं काही चुकलं असेल त्याने सगळ्यांसमोर बोलायचं, ही आमची रीत. बहुतेक वेळा तेच ते असतं. कुणी जावेला शिवी दिलेली असते, कुणी उपासात शेंगा खाल्लेल्या असतात.

मेनोफिलसने घसा साफ केला. "एक गोष्ट मला सांगायची आहे. आपल्याकडे आलेला—"

"तू बस रे मेन्या," आत्याबाई उठत म्हणाली. गुडघा कटकन वाजला. "तुझी नाळ मी कापली आहे. आधी माझं."

तिने चुलीजवळची वहाण उचलली आणि सगळ्यांना दिसेल अशी डोक्यावर धरली.

"ही मी चोरली. ह्यांना एक दिवस जास्त ठेवून घ्यायला. कुत्र्यावर आळ घातला, तोही खोटा. तीन दिवस हे राहिले नाहीत, मी ठेवून घेतलं. खोटं कुणी असेल तर मी आहे. आता मला पाण्यात घ्या नाहीतर नका घेऊ, ह्यांचं नाव मात्र घाण करू नका."

सगळ्यांच्या नजरा वहाणेवर गेल्या. मग मागून एका बाईला हसू फुटलं, कारण वहाण तांबडीलाल होती, आणि तिच्यामागोमाग दुसरीला.

नुमेनियस पुढे झाला. तिच्या हातातून वहाण घेतली. "छान झाली," म्हणाला. "दुसरीपण बुडवायची होती माई."

"थट्टा करू नका हो. तुम्हाला राग नाही आला?"

"राग कसला. शुक्रवारी संध्याकाळी मी जागाच होतो. तुम्ही उचललीत तेव्हा गुडघा असाच वाजला होता."

आत्याबाईचं तोंड उघडंच राहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"काल मेन्यासमोर माहीत होतं? तुम्हाला खोटा म्हणत होता तेव्हा?"

"होतं."

"मग एक शब्द बोलायचा होता! एका शब्दात सुटला असता!"

"सुटलो असतो," तो म्हणाला. "आणि तुम्ही?"

ती बघत राहिली. त्याच्याकडे, मग त्याच्या कोटाकडे. कातड्याची मळकी बाजू बाहेर, आणि बाहीच्या फाटक्या शिवणीतून डोकावणारा लोकरीचा एक पांढरा झुबका. हात पुढे करून तिने बोटाने तो झुबका हळूच आत ढकलला, लेकराचं वाहतं नाक पुसावं तसा.

"कळलं," ती म्हणाली. "त्याने कोट का उलटला नाही ते. पुढचं सांगू नका. पुरे झालं."

नुमेनियसचे डोळे भरले होते. माझेही. मेनोफिलस कपाळाला आठ्या घालून उभा होता. "नियमात वहाणेचं काही सांगितलेलं नाही," तो म्हणाला.

"मग घाल त्यात," आत्याबाई म्हणाली.

मेनोफिलसने बोटं मोजली, पुन्हा मोजली, मग हात खाली सोडला. "राहणं वेगळं आणि ठेवून घेणं वेगळं," तो शेवटी म्हणाला. "व्यापाऱ्यांबरोबर निरोप जाईल, पण मी म्हणेन, एक वहाण तांबडी असलेला माणूस आला तर दार उघडा." आणि आत्याबाईकडे वळून, "काकी, चोरी कबूल केलेल्याला पाणी नाकारायचं तर मला आख्खी मंडळी कोरडी ठेवावी लागेल. चला. वाहतं पाणी हवं, थंड. नदीवर."

"नदीवर? ह्या गुडघ्यांनी? थंड जमत नसेल तर ऊन चालतं, हेही नियमातच आहे. मी काय नियम ऐकले नाहीत?"

म्हणून आम्ही कड्याखालच्या ऊन पाण्याच्या पाटावर गेलो. वाफा निघत होत्या. तिला धरून मेनोफिलसच पाण्यात उतरला. तीन वेळा तिला बुडवलं, आणि तिसऱ्यांदा ती वर आली तेव्हा म्हणाली, "आणखी थोडं थांबू द्या रे, गुडघ्यांना बरं वाटतंय." वरच्या अंगाला रंगाऱ्यांनी लडी धुतल्या असाव्यात. पाटातून तांबूस पाणी येत होतं, आणि तिच्या पांढऱ्या झग्याचा काठ गुलाबी झाला. तो रंग पुढे कधी गेला नाही. शेवटी ती देवाघरी गेली तीही त्याच झग्यात.

नुमेनियस तिथूनच चढाला लागला. पिशवीत एका मुक्कामाची भाकर होती. आत्याबाईने खाली चीज दडवलं होतं. त्याने ते काढून परत दिलं. तिने पुन्हा दडवलं, आणि ह्या वेळी त्याने बघितलं नाही असं केलं. खिंडीच्या वळणापर्यंत तो दिसत होता, एक पाय मातीच्या रंगाचा आणि एक लाल.

घरी आल्यावर ओल्या केसांनीच ती चाती घेऊन बसली. मी मागावर होते. ओवी आली, आणि त्या दिवशी मध्येच अडली नाही.

उतरला उतरला, देव डोंगर सोडून,
मऊ बाजू आत केली, कातडं घेतलं ओढून.

कुणी ढकललं त्याला, कुणी लावियला बोल,
उगा राहिला गं माझा, त्याचं उगेपण खोल.