हाताला गुण

आजोबा गेल्यावर काही आठवड्यांनी बाबांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. विषय होता धाकटीचं पुढे काय. धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिला मत विचारायला बोलावलं नव्हतं, बातमी द्यायला बोलावलं होतं.

आत्या मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिने शब्द टाकला होता आणि तिथल्याच नर्सिंग कॉलेजात जागा मिळाल्यातच जमा होती.

"हिच्या हाताला गुण आहे," आत्या म्हणाली. "माणूस इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेला, पण पाठीला एक जखम होऊ दिली नाही हिने. माझ्या शिकलेल्या मुलींना जमत नाही हे."

"सेवेची आवड उपजतच असावी लागते," बाबा म्हणाले. आईने मान डोलावली.

थोरला मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बरंच झालं की. तिला आवडतंच ते."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा ती शाळेत होती. आईला नोकरी, बाबांना दुकान, थोरल्याला अभ्यास. हा अभ्यास म्हणजे आधी कॉमर्स, मग ते सोडून चित्रकला, मग तीही सोडून हॉटेलचा कोर्स. तो स्वतःला शोधत होता आणि घर कौतुकाने वाट बघत होतं. धाकटीला शोधायची गरजच नव्हती. ती कायम आजोबांच्या खोलीतच सापडायची.

"मला आवडतं असं मी कधी म्हटलं?" तिने विचारलं.

"म्हणायला कशाला हवं? दिसतं ना," आई म्हणाली.

शेवटी आत्यानेच तोडगा काढला. प्रवेशाआधी थोडे दिवस वॉर्डात येऊन बघ, मग बोलू.

वॉर्डात धाकटीला कुणी काही शिकवावं लागलं नाही. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, अंगाखालची चादर त्याला न उठवता कशी बदलायची, सगळं तिला येत होतं. शिकाऊ मुली उभ्या राहून बघायच्या. आत्या लांबून बघायची आणि तिच्या चेहऱ्यावर, बघा, मी म्हणत नव्हते का, असं स्पष्ट लिहिलेलं असायचं.

तिथे खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारी होती. ती गोळी जिभेखाली धरायची आणि पाठ वळली की थुंकायची. एका दुपारी तिने गोळी थुंकली, धाकटीने दुसरी दिली, तीही थुंकली. तेव्हा धाकटीने तिचं मनगट धरलं. धरलं ते गरजेपेक्षा जास्त घट्ट. म्हातारी ओरडली नाही. तिने धाकटीकडे एकदा बघितलं, गुमान तोंड उघडलं आणि गोळी गिळली.

ते गुमान तोंड उघडणं धाकटीच्या ओळखीचं होतं. आजोबाही शेवटी शेवटी असंच करायचे. घरात सगळे म्हणायचे, हिच्या हातून कसे शहाण्यासारखे खातात.

तिने हात सोडला. म्हातारीच्या मनगटावर बोटं उमटली होती. "चुकलं माझं, आजी," ती म्हणाली. म्हातारीने तोंड भिंतीकडे वळवलं.

धाकटी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली. तिला स्वतःची भीती वाटली, पण त्याहून जास्त राग आला. या हाताला गुण म्हणत होते सगळे. ती दातओठ खात काम करत होती आणि काम स्वच्छ होत होतं, म्हणून दातओठ कुणाला दिसले नव्हते. जन्मभर हेच केलं तर ही पकड सैल होणार नव्हती, आणखी आवळणार होती. एवढं तिला स्वतःबद्दल पक्कं कळलं.

ती तशीच आत्याच्या केबिनमध्ये गेली.

"मला हे नाही करायचं."

"सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं."

"जड नाही गेलं, सोपं गेलं. मला येतं, आत्या. पण करताना मला राग येतो. आज एका म्हातारीचं मनगट आवळलं मी."

आत्याने पेन खाली ठेवलं. "राग कुणाला येत नाही? मला काय हौस होती? तुझे बाबा शिकायला बाहेर गेले आणि आमच्या आईचं आजारपण मी काढलं. मग सगळे म्हणाले, हिच्या हाताला गुण आहे. आले इथे."

"मग तेच तू मला कसं म्हणालीस?"

दारात एक शिकाऊ मुलगी ट्रे घेऊन आली होती. आत्याचा चेहरा बघून ती गुमान आल्या पावली परत गेली. धाकटीने ते पाहिलं, आणि आत्यानेही पाहिलं.

"मग करणार काय आहेस?" आत्याने विचारलं.

"माहीत नाही अजून."

"माहीत नाही, आणि हातातलं सोडायला निघालीस."

"काय नको ते तरी कळलंय. दादाला तेवढंही कळलं नव्हतं, तरी तुम्ही त्याला वेळ दिलात."

घरी व्हायचा तो तमाशा झाला. बाबा म्हणाले, "ताईचं नाक कापलंस," आणि बोलणं टाकलं. आई येता-जाता भांडी आपटायची. थोरल्याने समजावायचा प्रयत्न केला, तेव्हा धाकटी म्हणाली, "तू एकदा तरी बेडपॅन उचललं असतंस तर तुझं ऐकलं असतं." त्यानंतर तो समजावायला आला नाही.

ती गच्चीवर जाऊन बसायची आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायची. त्या सगळ्या वर्षांत राग आला नाही असं कधी झालं होतं? पुष्कळ शोधल्यावर तिला आजोबांच्या हवेच्या गादीचा पंप आठवला. तो बंद पडला तेव्हा तिने तो उघडून बघितला होता. आतली रबरी पडदी फाटली होती. दुसरी बसवण्याच्या नादात गॅसवरचा भात करपला, तरी तिला वास आला नव्हता.

पण एका करपलेल्या भातावर आयुष्य ठरवायला ती वेडी नव्हती. आजोबांपासून सुटका म्हणून पंप गोड लागला असेल, हेही तिच्या मनात येऊन गेलं. म्हणून इस्पितळाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ती गेली. मालकीणबाईंना म्हणाली, "पगार देऊ नका. मला जमतंय का ते बघायचंय."

"फुकट काम करणारी माणसं अर्ध्यातून पळतात," बाई म्हणाल्या. "थोडा घे, पण घे."

तिला लगेच जमलं असं अजिबात नाही. सोल्डरिंग करताना बोट भाजलं. एक चांगला चालणारा मीटर तिने जाळला आणि बाईंची बोलणी खाल्ली. तिथेही तिला राग यायचा, कधी तर रडू येईपर्यंत. पण तो राग घेऊन ती दुसऱ्या दिवशी लवकर जायची, काल काय चुकलं ते बघायला. आजोबांच्या खोलीत ती कधी स्वतःहून लवकर गेली नव्हती. हा फरक तिने मनाशी नीट तपासला आणि मगच यंत्रदुरुस्तीच्या डिप्लोमाला नाव घातलं.

ती दुसऱ्या वर्षाला असताना आई जिन्यात घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. बाहेरच्या खोलीत पुन्हा सगळे जमले. बाबांनी आणि थोरल्याने धाकटीकडे बघितलं.

"सकाळचं मी करीन," ती म्हणाली. "संध्याकाळचं दादा. दुकान बंद झाल्यावर बाबा."

"मला नाही येत ते," थोरला म्हणाला.

"मलाही येत नव्हतं. मी शाळेत होते."

बाबांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आई पलंगावरून म्हणाली, "ती बरोबर सांगतेय. अहो, ऐका जरा." आणि तिने तोंड फिरवलं.

सकाळी आईचं अंग पुसताना धाकटी स्वतःच्या बोटांकडे लक्ष ठेवून असायची. ती सैल होती. आपल्या वाट्याचं आपण करतोय आणि इतरांच्या वाट्याचं करत नाही, एवढ्यानेच ती सैल झाली होती. आई एकदा म्हणाली, "तुझा हात किती हलका आहे गं." धाकटी म्हणाली, "आई, हे पुन्हा म्हणू नकोस."

पहिल्या संध्याकाळी थोरल्याने गरम पाणी सांडलं, टॉवेल विसरला, मग साबण विसरला. पलीकडच्या खोलीत धाकटी अभ्यासाला बसली होती. "अगं, पाठीखाली हात कसा घालायचा?" त्याने हाक मारली.

तिने बसल्या जागेवरून सांगितलं, सावकाश, दोनदा. ती उठली नाही.